दवंडी आणि कानगोष्ट



सरकारने जाहिरात करू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मागे एकदा चौकातल्या फलकांबद्दल चार ओळी लिहिल्या तर धाकट्या भाऊजींचा लगेच फोन, "वहिनी, मग सरकारनं लोकांना सांगायचं तरी कसं?" सांगावं की! जरूर सांगावं. ज्या पिढीने लाल त्रिकोण पाहिला, 'हम दो हमारे दो' भिंतीभिंतीवर वाचलं, पल्स पोलिओच्या रविवारी शाळेत बूथ मांडून बसली, तिला सरकारी जाहिरातीचं वावडं कसं असेल? पोलिओचे बॅनर मी स्वतः शाळेच्या फाटकाला सुतळीने बांधलेले आहेत.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. सरकारजवळ माझी जी माहिती आहे, मी कुठल्याशा कामासाठी दिलेली किंवा मला द्यावीच लागलेली, ती चाळायची. मी कोण, माझं वय काय, मला कुठल्या योजनेचे पैसे मिळतात, मी काय वाचते हे बघायचं. आणि मग माझ्या एकटीच्या फोनवर माझ्यापुरती बेतलेली जाहिरात धाडायची. याला माझा विरोध आहे. आणि तो थोडाथोडका नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कोतवाल दवंडी द्यायला यायचा. हलगीचा आवाज आला की आम्ही पोरं धावत बाहेर. सारा भरायची तारीख, देवीची लस, साहेबांचा कँप, काय असेल ते तो खणखणीत आवाजात सांगायचा. दवंडी सगळ्यांना एकच असे. पाटलांच्या वाड्यासमोर एक आणि कोष्टीगल्लीत दुसरी, असं नसायचं. (ती गावकुसाबाहेर नीट पोचायचीच असं नाही, हे मला ठाऊक आहे. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही.) त्यामुळे संध्याकाळी पारावर बसून लोक त्या दवंडीची चिरफाड करू शकत. "सारा माफ म्हणतात, पण कुणाचा? मागच्या वर्षी पण म्हणाले होते!" असा कुणीतरी आवाज काढायचाच. सरकार जे बोललं ते सगळ्यांच्या देखत बोललं, म्हणून त्याला उलट उत्तर देता येत होतं.

आता जे चाललंय ती दवंडी नव्हे, ती कानगोष्ट आहे. प्रत्येकाच्या कानात वेगळी. शेजारणीला काय सांगितलं ते मला कळत नाही, मला काय सांगितलं ते तिला कळत नाही. पारावर बसून बोलणार कशावर?

हे यंत्र चालतं कसं, ते मी नातवाकडून वहीत आकृत्या काढून समजून घेतलं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. फेसबुकसारख्या कंपनीकडे जाहिरातदार आपल्याजवळची फोन नंबरांची किंवा ईमेलची यादी चढवू शकतो. नंबर जसेच्या तसे जात नाहीत, त्यांचं एका सांकेतिक अक्षरमालेत रूपांतर होतं, पण कंपनी आपल्या खातेदारांच्या नंबरांचंही तसंच रूपांतर करून दोन्ही जुळवते. जुळले ते सापडले. मग जाहिरात फक्त त्यांनाच. पुढची पायरी आणखी गमतीची. "या यादीतल्या लोकांसारखे दिसणारे आणखी लोक शोधून द्या" असं कंपनीला सांगता येतं. म्हणजे मी कुठलाच फॉर्म भरला नसला, तरी फॉर्म भरणाऱ्या दहा हजार बायकांशी माझं वागणं मिळतंजुळतं निघालं, तर मीही जाळ्यात. आणि उलटही करता येतं, अमक्याढमक्यांना ही जाहिरात दाखवूच नका, असंही सांगता येतं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. सगळी मेख तिथे आहे. कुणाला दाखवायचं यापेक्षा कुणापासून लपवायचं, हे ठरवता येणं जास्त भयंकर. शाळेतला नोटीस फलक आठवा. त्यावर लावलेला कागद मुख्याध्यापकांच्या मर्जीतल्यांना दिसेल आणि युनियनवाल्यांना दिसणार नाही, अशी सोय झाली तर त्याला नोटीस म्हणायचं का?

"हे असलं कुणी सरकार करत नाही हो, तुम्ही उगाच घाबरवता," असं म्हणाल. युरोपचं उदाहरण सांगते. खाजगीपणाच्या बाबतीत सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारी मंडळी ती. युरोपियन कमिशनने मे २०२२ मध्ये एका कायद्याचा प्रस्ताव आणला. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं इंटरनेटवर पसरतात ती शोधून काढण्यासाठीचा. हेतूला कोण नाव ठेवणार? पण त्यासाठी लोकांचे खाजगी संदेशही तपासायची सोय त्यात होती, म्हणून खूप विरोध झाला. नेदरलँडसारख्या देशांतून तर बराच. तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये कमिशनने काय करावं? एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, आपल्या प्रस्तावाच्या बाजूने जाहिराती दिल्या. इथपर्यंतही ठीक म्हणू. पण त्या कुणाला दिसाव्यात आणि कुणाला दिसू नयेत, हे काही शब्द देऊन ठरवलं. ब्रेक्झिट, मारीन ल पेन, जॉर्जा मेलोनी, ख्रिश्चन अशा शब्दांशी ज्यांचा संबंध दिसतो, ते वगळा! म्हणजे राजकीय मत आणि धर्म यांची चाळणी लावून जाहिरात. ही चाळणी लावायला युरोपातलाच कायदा मनाई करतो, आणि तो कायदा लागू करायचं काम याच कमिशनचं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

नेदरलँडमधल्या एका संशोधकाच्या हे लक्षात आलं. मग नॉयब नावाच्या व्हिएन्नातल्या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये तक्रार केली. युरोपच्या सरकारी संस्थांवर माहितीच्या बाबतीत देखरेख ठेवणारा एक स्वतंत्र अधिकारी असतो. त्याने डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की कमिशनने लोकांच्या राजकीय मतांबद्दलची संवेदनशील माहिती बेकायदा वापरली. शिक्षा काय? समज! दंड नाही, काही नाही. आमच्या शाळेत पोरगा भिंतीवरून उडी मारून पळाला तरी याहून जास्त व्हायचं. तरी मी म्हणते, निदान सरकारच्याच घरातल्या कुणीतरी सरकारला "तू चुकलास" असं लेखी तर दिलं.

आपल्याकडे?

मार्च २०२४ आठवा. लोकसभेच्या निवडणुका १६ मार्चला जाहीर झाल्या. त्याच सुमारास देशभर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'विकसित भारत संपर्क' या नावाने एक संदेश आला, सोबत पंतप्रधानांचं १५ मार्चच्या तारखेचं पत्र. सरकारच्या योजनांचा लाभ किती कोटी लोकांना झाला ते, आणि तुमच्या सूचना कळवा म्हणून विनंती. बातम्या अशा होत्या की दुबईकडे राहणाऱ्या परदेशी माणसांनाही, अगदी पाकिस्तानी नागरिकांनासुद्धा, हा संदेश गेला. त्यांनी आपल्या कुठल्या योजनेचा फॉर्म भरला होता, देव जाणे! तक्रारी झाल्या. २१ मार्चला निवडणूक आयोगाने माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला सांगितलं, हे संदेश ताबडतोब थांबवा. मंत्रालयाचं उत्तर असं की संदेश आचारसंहिता लागायच्या आधीच धाडले होते, नेटवर्कच्या अडचणीमुळे काही उशिरा पोचले.

सगळी चर्चा आचारसंहितेभोवती फिरली. तारीख १५ की १६. मला तो वाद दुय्यम वाटतो. महत्त्वाचा प्रश्न होता तो म्हणजे, नंबर कुठून आणले? कोविडच्या लसीसाठी दिलेला? गॅसच्या सबसिडीसाठी दिलेला? बँकेत आधार जोडताना दिलेला? त्या संदेशात याचं एका ओळीचंही उत्तर नव्हतं. आणि हे मी एका पक्षाबद्दल म्हणत नाहीये. आज हे आहेत, उद्या ते येतील. राज्याराज्यांतून वेगवेगळ्या रंगांची सरकारं आहेत आणि लाभार्थ्यांच्या याद्यांवर डोळा कुणाचा नाही? यादीला पक्ष नसतो. ती ज्याच्या हातात, त्याची.

"कंपन्या तर रोजच करतात हे! साबणवाल्याला तुमची सगळी माहिती असते, त्याचं काही नाही, आणि सरकारवर मात्र राग?" हा भाऊजींचा दुसरा प्रश्न असणार, म्हणून आधीच उत्तर देते. साबणवाल्याचाही राग आहेच. पण साबण नको असेल तर मी घेत नाही, डाळीच्या पिठाने अंघोळ करीन. साबणवाला माझं रेशन बंद करू शकत नाही. माझ्या नावाचा सातबारा त्याच्या कपाटात नसतो. माझी जन्मनोंद, जात, उत्पन्न, आजारपण, पेन्शन हे सगळं सरकारकडे आहे, आणि ते मी राजीखुशीने दिलेलं नाही. दिल्यावाचून गत्यंतर नव्हतं म्हणून दिलं. जे सक्तीने घेतलं ते जास्त जपून वापरायचं, एवढी तरी रीत पाहिजे की नाही?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची गोष्ट सांगते. कुठली योजना, कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, त्या बिचारीला त्रास नको. तिने एका योजनेचा अर्ज भरला. स्वतःचा फोन साधा, म्हणून लेकीचा नंबर दिला. पैसे यायला लागले, छान झालं, तिने देवीला साडी केली. काही आठवड्यांनी लेकीच्या फोनवर चित्रफिती यायला लागल्या. आईचं नाव घेऊन! "अमुकताई, तुमच्या खात्यात..." वगैरे, मागे संगीत, पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. पाठवणारा कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही. सरकार, की पक्ष, की पुढाऱ्याची माणसं, काही पत्ता नाही.

लेक खूष. ताई मात्र पोळ्या लाटता लाटता थांबून मला म्हणाली, "बाई, यांना माझं नाव ठाऊक, नंबर ठाऊक, पैसे कधी आले ते ठाऊक. मग मत कुणाला दिलं ते पण कळत असंल न्हवं?"

मी म्हटलं, "अगं नाही, मत गुप्त असतं. मी स्वतः केंद्रावर किती वेळा ड्यूटी केलीय. कुणाच्या बापाला कळत नाही."

तिने मान डोलावली, पण तिला पटलं नाही ते मला दिसत होतं. मग हळूच म्हणाली, "न्हाई म्हंजे, दुसरीकडं दिलं तर पैसं बंद व्हायचं."

मंडळी, त्या चित्रफितीत धमकीचा एक शब्द नव्हता. गोड गोड बोलणंच होतं सगळं. पण जिच्या हातात काहीच नाही, तिला सत्तेने नाव घेऊन हाक मारली की ती हाक तिला कशी ऐकू येते, ते बघा. फ्लॅटमध्ये बसून "मला काही फरक पडत नाही, मी डिलीट करतो" म्हणणाऱ्यांना हे कळायचं नाही. जाहिरात सगळ्यांना सारखी लागत नाही. पेन्शनर बाईला ती कटकट वाटते, लाभार्थी बाईला ती नजर वाटते.

आणि याद्यांचं काय होऊ शकतं, ते माझ्या पिढीच्या शिक्षकांनी पाहिलेलं आहे. तुम्ही तरुण मंडळी 'टार्गेट' हा शब्द विक्रीच्या संदर्भात वापरता. माझ्या कानावर तो पहिल्यांदा आला तो १९७६ साली. आणीबाणी होती. मी नोकरीला नुकतीच लागलेले. कुटुंबनियोजनाच्या 'केसेस' आणायचं टार्गेट शिक्षकांना दिलं जाई. त्या वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. तर केसेस आणायच्या कुठून? स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ गुरुजी हजेरीपटावरून बोट फिरवत होते ते मला आजही दिसतं. हा आडनावबंधू आहे याचा... ही याची बहीण... तिसरा दुसरीच्या वर्गात... तीन झाली! लिही बापाचं नाव. मुलं शिकावीत म्हणून भरलेला हजेरीपट, आणि तो वाचला जात होता बापाला गाठण्यासाठी. मी एकही केस नेली नाही. पगार उशिरा झाला, घरी आईला काय सांगायचं असा प्रश्न पडला होता, पण ते जाऊ दे. माझा मुद्दा हजेरीपटाचा आहे. त्यात काही खोटं नव्हतं, कुणी चोरून नेलेला नव्हता, कपाटाचं कुलूप शाबूत होतं. फक्त ज्यासाठी लिहिला, त्याहून दुसऱ्याच कामाला लावला. आज जे संगणकावर होतं ते याहून निराळं काय आहे? वेग सोडला तर?

म्हणाल, बाई अतिशयोक्ती करतायत, नसबंदी कुठे आणि जाहिरात कुठे. बरोबर आहे. पण मी शिक्षा मोजत नाहीये, रीत मोजतेय.

आता कायद्याकडे येते. इथे माझं डोकं जास्त तापतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. ती याचिका २०१२ साली कुणी केली होती? न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाच्या ८६ व्या वर्षी! (सत्तरी ओलांडली की आता काय उरलंय म्हणणाऱ्या आमच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणींनी हे लिहून ठेवावं.) त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि बहुतेक कलमं लागू व्हायला तिथून पुढे आणखी अठरा महिने.

कायद्यात चांगलं आहे ते आधी सांगते. मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला नवव्या कलमाने बंदी घातली आहे. शिक्षिका म्हणून मला बरं वाटलं. कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, तेही छान. पण सरकारची पाळी आली की कायद्याचा सूर एकदम मऊ होतो. सातवं कलम म्हणतं, अनुदान, लाभ, सेवा, दाखला, परवाना देण्यासाठी सरकार माहिती वापरू शकतं. आणि एका लाभासाठी तुम्ही पूर्वी संमती दिलेली असली तर ती दुसऱ्या लाभालाही चालते. सतरावं कलम म्हणतं, देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातूनच सूट देऊ शकतं. आणि तक्रार ऐकणारं जे मंडळ, त्याचे सदस्य नेमणार कोण? तर केंद्र सरकार. युरोपात त्या अधिकाऱ्याने कमिशनला समज दिली म्हणून मी वर हसले, पण आपल्या मंडळाने आपल्या सरकारला तेवढी तरी द्यावी!

लाभ देण्यासाठी माहिती वापरणं आणि लाभ दिला म्हणून मिरवण्यासाठी वापरणं, यातली रेघ कायद्याने कुठेच ठळक मारलेली नाही. "तुमचा हप्ता जमा झाला" हा निरोप झाला. "तुमचा हप्ता कुणामुळे जमा झाला बघा" ही जाहिरात झाली. पहिलीला माझी ना नाही. दुसरीसाठी ताईंच्या लेकीचा नंबर वापरायचा हक्क कुणालाही नाही, मग पैसे कितीही वेळेवर येवोत.

बरं, याच कायद्याने जाता जाता माहितीच्या अधिकाराचं एक कलम बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर एखाद्याची वैयक्तिक माहितीही मागता येत होती. आता 'वैयक्तिक' एवढा शिक्का पुरतो नाकारायला. सार्वजनिक हिताचं दुसरं एक दार कायद्यात किलकिलं राहिलंय, पण ते उघडायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या मनावर. म्हणजे कशी गंमत पाहा, आमची माहिती त्यांना उघडी आणि त्यांची आम्हाला झाकलेली.

सरकारी जाहिरात कशी असावी यावर आपल्या न्यायालयाने विचार केलेला नाही असं मात्र नाही. १३ मे २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जनतेच्या पैशातून दिलेल्या जाहिरातीत पक्षाचा प्रचार नको, आणि फोटो राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच असावेत. फोटोंची यादी लगेच पुढच्या वर्षी, मार्च २०१६ मध्ये, लांबली. मुख्यमंत्री आले, राज्यपाल आले, मंत्री आले. तो सगळा खल वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिराती डोळ्यांसमोर ठेवून झाला. पानभर जाहिरात निदान सगळ्यांना दिसते! तिला शिव्या घालता येतात, तिचं कात्रण काढून ठेवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला गेलेल्या मजकुराचं कात्रण कोण ठेवणार?

एक उदाहरण माझ्या विरुद्ध जातं, तेही सांगते. इंग्लंडच्या पोलिसांनी, त्यांच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने, डिसेंबर २०१७ ते जून २०१८ गूगलवर जाहिराती दिल्या. पैसे देऊन दुसऱ्याची वेबसाइट बंद पाडायच्या सेवा ज्या तरुण मुलांनी शोधल्या, त्यांना लगेच दिसायचं की हा गुन्हा आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी नंतर आकडे तपासले. त्या काळात ब्रिटनमधल्या अशा हल्ल्यांची वाढ थांबलेली दिसली, अमेरिकेत मात्र ती चालू राहिली. म्हणजे उपयोग झाला. पोरं तुरुंगात जाण्याआधी अडवली गेली, हे कुणालाही आवडेल, मलाही आवडलं. पण नीट बघा, तिथे पोलिसांनी कुठल्या सरकारी यादीतून पोरं काढली नाहीत. जो तो शब्द शोधेल त्याच्यासमोर पाटी. विहिरीजवळ 'पाणी खोल आहे' अशी पाटी लावण्यासारखं. शाळेच्या दाखल्यांवरून वात्रट पोरं निवडून त्यांच्या घरी चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर मी टाळ्या वाजवल्या नसत्या.

आणि सरकारला दवंडी येत नाही असंही नाही. २०२३ साली आपले सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडले होते आठवतं? आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती ती. (आमच्या यजमानांच्या हातातून कप पडला.) ते तंत्र असं की मोबाईलच्या टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनांना एकदम संदेश जातो. कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, नाव लागत नाही, यादी लागत नाही. पूर येतोय हे नदीकाठच्या प्रत्येकाला सांगायचं, मग तो कुणीही असो. अशी शुद्ध दवंडी देता येत असताना योजनांच्या प्रसिद्धीलाच तेवढे नंबर कशाला लागतात, हे कुणीतरी विधानसभेत विचारावं.

माझं मागणं काही फार मोठं नाही. सरकारने कुणाच्याही फोनवर काहीही पाठवलं तर खाली एक ओळ असावी, तुमचा नंबर अमुक ठिकाणाहून घेतला आणि अमुक खात्याने हे पाठवलं. सरकारी पैशातून दिलेली प्रत्येक जाहिरात, कुणाला दाखवली आणि कुणाला वगळली या तपशिलासह, एका ठिकाणी सगळ्यांना बघायला मिळावी. फेसबुकने २०१९ मध्ये आपल्याकडे राजकीय जाहिरातींचा असा संग्रह उघडला, त्यात खर्चाचे अंदाजे आकडेसुद्धा दिसतात. जे एका परदेशी कंपनीला जमतं ते आपल्या खात्यांना का जमू नये? आणि लाभाच्या याद्या जाहिरात कंपन्यांकडे, पक्षांकडे, कुणाकडेही जाता कामा नयेत. यावर "तपासून पाहू" हे उत्तर मला नको आहे. तीस वर्षं मी ते इन्स्पेक्शनला ऐकलंय.

१९८१ आणि १९९१ च्या जनगणनेला मी प्रगणक होते. फेब्रुवारीतलं ऊन, पायात चपला, खांद्याला फॉर्मांची पिशवी. लोक दारात अडवून विचारायचे, "हे कशाला पाहिजे? उद्या कर लावाल!" विशेषतः बायका वय सांगताना आणि घरात कमावतं कोण ते सांगताना कचरायच्या. मी त्यांना सांगत असे, "अहो वहिनी, हे गुपित राहतं. कायदाच आहे तसा." आणि होताच. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम. त्या नोंदी कुणाला बघायला मिळत नाहीत, आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. फोडल्या तर आम्हालाच शिक्षा. त्या भरवशावर लोकांनी मला पाटावर बसवून पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. किती घरं असतील... दीडशे तरी. त्या दीडशे घरांना शब्द मी दिला होता, दिल्लीच्या साहेबाने नव्हे.

२०२१ ची हुकलेली जनगणना आता २०२७ ची म्हणून होते आहे. या खेपेला नोंदी मोबाईलवर, आणि जातही विचारायची आहे, सगळ्यांना. माझ्या भावाची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिची नेमणूक आली. परवा घरी आली होती, म्हणाली, "आत्या, लोकं आता पूर्वीसारखी भोळी नाहीत. फोनवर टाईप करताना बघितलं की विचारणार, हे पुढे कुठे जातं? काय सांगू?"

मी तिला पंधरावं कलम दाखवलं, वहीत उतरवून घ्यायला लावलं. तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "हे जनगणनेचं झालं. पण त्याच घरात मी गेल्या वर्षी दुसऱ्या सर्व्हेला गेले होते, त्याआधी मतदार यादीला, त्याआधी योजनेचे फॉर्म भरून घ्यायला. चेहरा माझाच. त्या फॉर्मांचं विचारलं तर?"

मी म्हटलं, त्यांचं तू काही वचन देऊ नकोस.